कूलरमधला खस

“धर्मेंद्रभाऊ, कूलरमध्ये काही मेलं काय?” वधूपिता शरच्चंद्र नाकाला उपरणं लावून उभे होते.

“खस आहे काका. अस्सल.”

“अस्सल तर आहेच गा. पण मेलं काय?”

वाडीच्या त्या मंगल कार्यालयात मे महिन्याचं लग्न होतं, आणि कूलरच्या पाण्यात खसाचं, म्हणजे वाळ्याचं, अत्तर घालायचं काम धर्मेंद्रचं. तांब्याच्या डेगीत तो स्वतः अत्तर काढायचा. कॅनला कधी चिठ्ठी लावत नसे, वासावरूनच ओळखायचा. “ज्याले चिठ्ठी लागते, त्यानं किराणा टाकावा,” असं सांगत फिरायचा. दिवाळीतल्या तापात त्याचं नाकच गेलं. आता चिठ्ठ्या लावणं म्हणजे धंदा बुडाल्याची दवंडी. म्हणून झाकण उघडायचं, डोळे मिटायचे आणि ‘वा’ म्हणायचं, एवढं त्याने चालू ठेवलं. अत्तराचा धंदा नुसत्या ‘वा’वर बरेच महिने चालतो. घरी करपलेल्या वरणालाही तो ‘वा’ म्हणायचा, त्यामुळे बायकोला, श्वेताला, भलतीच शंका येऊ लागली होती.

आज त्याने कूलरमध्ये ओतला होता दशपर्णी अर्क. म्हणजे दहा झाडांचा पाला, लसूण, मिरची आणि गोमूत्र, महिनाभर सडवलेलं. वडिलांनी, रुपरावांनी, पारशिवनीहून गच्चीतल्या झाडांवर फवारायला पाठवलेला, तोही खसाच्याच रिकाम्या कॅनमध्ये. याने किडी पळतात. पाहुणेही पळत होते. भटजींनी मंगलाष्टकं तीन कडव्यांत आटोपली.

धर्मेंद्रने कूलरच्या जाळीत तोंड घातलं. काही नाही. मग नाकाच्या एका कोपऱ्यात लसूण हलला. मागोमाग सगळंच आलं: शेतातला निळा ड्रम, काठीने ढवळणारा तो स्वतः, पाठीवर पंप बांधलेले बाबा आणि त्यांचं हसणं, “हुंग रे, पोटाचा वास हाय हा!” याच वासापासून पळून तो अत्तरात आला होता.

“काका, घाण येऊन राहिली! लय घाण!”

“तेच तर सांगून राहिलो ना मी!”

“नाही काका, मले येऊन राहिली!” म्हणत त्याने वधूपित्याला मिठीच मारली. शरच्चंद्र घाबरले. वास डोक्यात गेला असं त्यांना वाटलं.

पंगत बाहेर मांडवात बसली. आत धर्मेंद्र आणि मदतीला आलेली श्वेता कूलरच्या टाक्या घासत होते.

“कधीपासून गेलं होतं नाक?” श्वेताने विचारलं.

“दिवाळीपासून.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“तू घाबरली असती.”

“अवो, मी वकील पाहून राहिली होती!”

दोघंही ठसका लागेपर्यंत हसले. मग धर्मेंद्र थांबला.

“तू शिकेकाई सोडली काय वं?”

“हिवाळ्यातच. तुम्ही काही बोललेच नाही. म्हटलं, कोणाले फरक पडते.”

त्याने घासणी खाली ठेवली. हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. आणि मग तिच्या केसांजवळ वाकला.