गिरिजाबाईचा फोटो

सर्जेरावाला शहराचा भारी सोस. घनसावंगीच्या शाळेत मास्तरकी करायची आणि रविवार उजाडला की एसटीनं जालना गाठायचं. फोटोंचं प्रदर्शन असो की नवं परमिट रूम, हा पठ्ठ्या हजर. या खेपेला मात्र त्यानं बरोबरच्या भिवा गुरुजीलाही ओढून नेलं, कारणच तसं होतं. "दुष्काळाच्या फोटोत तुही माय हाये. म्या बराबर वळखली," असं त्यानं येऊन सांगितलं होतं.

भिवाची माय, गिरिजाबाई, जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. भिंतीवर बुद्ध होते, बाबासाहेब होते, खाली तिच्यासाठी राखलेली जागा तशीच मोकळी. भिवा निघाला तेव्हा बहीण, मालनबाई, दारापर्यंत आली. "दादा, काय बी कर, पर मायचं तोंड घरी घेऊन ये."

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलात होतं. एकेक फोटो मागं टाकत भिवा पुढं सरकला आणि थबकला. मायच होती ती. हनुवटीवरचं गोंदणसुद्धा तेच. पण खडी फोडायच्या कामावर मजुरांना सुकडीचा कोरडा खाऊ वाटणाऱ्या माणसापुढं तिनं पदर पसरला होता, आणि वर त्याच्या हाताकडं बघत होती. दीक्षा घेतली तेव्हा याच बाईनं साऱ्या गावाला ऐकवलं होतं, की आता भाकरीसाठी कोणापुढं पदर पसरणार न्हाई. उपाशी निजली, पण पसरला नाही. दुष्काळात भिवा औरंगाबादला शिकत होता, तेव्हाही ती सांगायची, "माझं बिलकुल झ्याक चाललंय, तू शीक."

"अरे, कामावरची सुकडी व्हती ती, हक्काची," सर्जेराव म्हणाला. तेवढं भिवालाही कळत होतं. कळून काय करायचं?

दुपारी सर्जेरावानं त्याला स्टेशनजवळच्या परमिट रूममध्ये नेलं. फोटो काढणारा तातेराव तिथंच बसला होता. सर्जेरावानं मोठ्या ऐटीत जिन, लिंबू आणि सोडा असं कॉकटेल मागवलं. भिवा पीत नसे, त्याच्यापुढं नुसता लिंबू सोडा आला. सगळं ऐकून तातेरावानं पिशवीतून त्या फोटोची प्रत काढली आणि खालचा भाग हातानं झाकला.

"पदर कापून टाकू, गुरुजी. नुसता चेहरा मोठा करून देतो."

माणूस भला होता हो. भिवानं पाहिलं. पदर गेला, सुकडी गेली. डोळे मात्र तसेच, देणाऱ्याच्या हाताला चिकटलेले. ते कसे कापणार?

"ऱ्हाऊ द्या," भिवा म्हणाला.

"येड लागलं का तुला? दुसरा फोटो कुठून आणशील?" सर्जेराव चिडला. भिवानं फोटो तातेरावाकडं परत सरकवला. त्याला रडूही येईना.

घरी पोचला तर मालनबाई दारातच उभी. त्याचे रिकामे हात तिला दिसले.

"ती माय नव्हती, मालन," भिवा खाली बघत म्हणाला. "सर्जेरावची चूक झाली. दुसरीच कोणी व्हती."

मालनबाईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "मंग इचारायचं तरी, कोणाची हाये म्हून. तिच्या लेकरायला कळाया पायजे, दादा. त्यायच्या घरी बी नसंल फोटो."