मारिटचा ठिपका

मी एक आलेख बोलतोय, तोही ठिपक्याठिपक्यांचा. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या एका शाळेत, हॉगन बाईंच्या वर्गाच्या भिंतीवर माझा जन्म झाला. बाहेर बंदर गोठलं होतं आणि कॉलेजप्रवेशाची परीक्षा तोंडावर आली होती.

सराव किती तास केला आणि सराव परीक्षेत गुण किती पडले, हे बाईंनी प्रत्येकाला विचारलं. आडवे तास, उभे गुण, प्रत्येकाचा एक ठिपका. सत्तावीस ठिपके झाल्यावर त्यांच्या मधून पट्टीने एक रेघ ओढली. शून्य तासाला नऊशे चाळीस गुण, पुढे दर तासाला चार जास्त, असं ती सांगे.

ठिपक्यांवर नावं नव्हती. पण माणसांची खोड मला पहिल्याच दिवशी कळली. आधी आपला ठिपका शोधायचा, मग शेजाऱ्याचा. रेघेच्या वरची मुलं तर मान ताठ करून चालायला लागली. बरोबर रेघेवर एकही ठिपका नव्हता, याकडे कुणाचं लक्षच नाही!

रेघेपासून सगळ्यात खाली होती मारिट. चाळीस तास आणि नऊशे ऐंशी गुण. रेघेच्या मते अकराशे हवे होते. तिला नर्सिंगला जायचं होतं, तिथे एक हजार पन्नास लागत. "चाळीस तास पुस्तकावर झोपली होतीस काय गं?" असं वर्गातल्या नेल्सने विचारलं, तेव्हा तीही सगळ्यांबरोबर हसली.

जेवणाच्या सुट्टीत मात्र ती पांढऱ्या शाईची बाटली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. बाई टेबलाशी सँडविच खात होत्या.

"बाई, मी तास खोटे सांगितले. दहाच केले होते. ठिपका खोडू?"

बाईंनी तिच्या भरलेल्या वह्या तपासल्या होत्या. "ढ म्हणवून घेण्यापेक्षा आळशी बरं, होय ना?"

मग बाईंनी विचारलं, रेघेचा चढ चार, म्हणजे काय? एक तास वाढला की प्रत्येकाचे चार गुण वाढतात, ती म्हणाली.

"इथेच चुकतेस, दर पेपरात. सरासरीने वाढतील, एवढाच अंदाज आहे तो. रेघ सगळ्या वर्गाबद्दल बोलते. तुझं नावसुद्धा तिला ठाऊक नाही."

मारिटने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

पुढचे पंधरा तास तिने फक्त स्वतःच्या चुका सोडवल्या. मार्चमध्ये परीक्षा झाली, आणि निकालाच्या दिवशी तिने लाल पेनाने स्वतःच नवा ठिपका दिला: पंचावन्न तास, एक हजार साठ. रेघेचा अंदाज होता अकराशे साठ.

"अजून खालीच आहेस की," नेल्स म्हणाला.

"खाली असेन. पण नर्सिंगच्या आत आहे."

आता भिंतीवर नव्या वर्गाचा आलेख आहे आणि मी कपाटात गुंडाळून पडलोय. त्या मुलांना एवढंच सांगा, की रेघेला विचारा जरूर, पण आपली पत्रिका म्हणून नको. माझं बरं चाललंय. गुंडाळल्यामुळे माझी खालची कड वरच्या कडेला टेकली आहे, आणि मारिटचा पहिला ठिपका वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरांच्या मांडीला मांडी लावून बसलाय.