माशाच्या चष्म्याचा नंबर

"आई, ही दोरी धर. मी दोनदा हिसका दिला की जोरात ओढायचं. त्याआधी अजिबात नाही. मी गुंतलो असलो तर फास आवळेल," माझा मुलगा म्हणाला. शर्ट काढला, चाकू दातात धरला आणि होडीच्या मागून पाण्यात उतरला. दोरीचं दुसरं टोक त्याच्या कमरेला.

आता हा माझा मुलगा काही खलाशी नव्हे. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. दूध उतू गेलं तरी "आई, दूध" एवढंच म्हणेल. सुट्टीच्या दिवशी शिडाची होडी चालवायला शिकला, तेवढीच त्याची चैन. आज पहिल्यांदा आम्हा सगळ्यांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं निघाला आणि नेमकं कुणाचं तरी तुटकं जाळं सुकाणूत अडकलं. होडी वळेना. शीड उतरवलं, नांगर टाकला, तोही तळाला धरेना. लाटा आम्हाला खडकांकडे ढकलत होत्या. तिथला फेस माझ्या अधू डोळ्यांनाही दिसत होता.

सूनबाई पुढे वल्ह्यानं होडी थोपवत होती. "पोरांना मधे बसवून ठेवा. एका बाजूला झुकली तर उलटू!"

बसवून ठेवा म्हणे! दुसरीतली चिंगी आणि नुकता शाळेत जायला लागलेला गोट्या. त्यांना बसवण्यापेक्षा समुद्राला बसवणं सोपं.

"आजी, बाबा कुठे गेला?"

"खाली हेडमास्तर मासा राहतो ना, त्याच्याकडे. डोळे पार गेलेत बिचाऱ्याचे. बायको समजून आपल्या सुकाणूलाच मिठी मारून बसलाय. बाबा त्याचा नंबर काढायला गेलाय."

गोट्या खुदकन हसला. चिंगी नाही हसली. "थापा!"

"मी? उभ्या जन्मात एक थाप मारली असेल तर जीभ झडो माझी." उभ्या जन्मात मी दुसरं काही केलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तो एकदा वर आला. छातीभर श्वास घेतला, कुणाकडे न बघता पुन्हा खाली गेला. दोरी माझ्या हातात थरथरत होती. थरथरतेय तोवर जीव आहे, मी मनात म्हणत होते.

"मग काय झालं?"

"मग बाबानं पाटी धरली. वाचा म्हणाला. मासा म्हणतो, पहिलं अक्षर दिसलं होतं हो, पण ते पोहत पुढे गेलं."

"आणि चष्मा अडकवणार कशाला?" चिंगीनं विचारलं. "माशाला कान कुठे असतात?"

तेवढ्यात दोरी ढिली पडली.

हातात नुसती ओली दोरी. ओढू? ओढली आणि फास आवळला तर? नाही ओढली आणि... माशाची गोष्ट तिथेच थांबली.

"आजी, बोल ना!" गोट्या उठून कडेला वाकला. होडी कलली, पाणी आत आलं.

"आई, बोला!" सूनबाई किंचाळली. एरवी हीच मला म्हणते, आई, जरा गप्प बसा. "काहीही बोला!"

"बस खाली, गोट्या! तू डोकावलास की मासा लाजतो," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण कुठून आला देव जाणे. "कान नसतात, म्हणून दोरीनं बांधायचा. डोक्यामागे. गाठ मारायला वेळ लागतो. मासा सारखी मान हलवतो..."

"माशाला मान असते?"

"हेडमास्तरांना असते."

दोरी ढिलीच. मी बोलतच होते. काय बोलले ते कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

मग एक हिसका. आणि दुसरा.

मी ओढलं. असं ओढलं की माझी मीच मागे कोसळले. त्याचं डोकं वर आलं, ओठ निळे, तळहात चिरलेला. कसाबसा आत येऊन पडला. सूनबाईनं नांगर ओढून घेतला, शीड चढवलं, मोकळं झालेलं सुकाणू फिरवलं. खडक इतक्या जवळून गेला की त्याला चिकटलेले शिंपले दिसले.

"बाबा, नंबर किती निघाला?" गोट्यानं विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. दात वाजत होते. "जाड काच लागेल," म्हणाला.

मग माझ्याशेजारी येऊन बसला आणि माझं बोट धरलं. लहानपणी भर बाजारातसुद्धा बोट धरायचा नाही हा.

बंदर आलं. पोरं उड्या मारत उतरली. सूनबाईनं एकटीनं शीड गुंडाळलं. आम्ही दोघं तसेच बसून होतो. दोरीनं बोटाची सालटं निघाली होती, झोंबत होतं, पण मी ते सोडवून घेतलं नाही.