काळं तूप

कुंभार पिंपळगावच्या बाजारामागे पत्र्याचं शेड आहे. तिथं पाचशे माणसं एका उघड्या पोटाकडे टक लावून बसली होती. पोट होतं कडूबाचं, माझ्या शाळासोबत्याचं. राजानंद महाराज काशाची म्हणून आणलेली, वरून लाल फडकं गुंडाळलेली वाटी पोटावर धरून तूप घासत होते. ही पाचवी बैठक. पहिल्या वेळी तूप काळंकुट्ट झालं, मग दर खेपेला फिकट होत गेलं. आज ते पांढरंच राहिलं.

"निघाले समदे," महाराज म्हणाले. "आतड्यातले जंतू लिव्हर खातात, हे डाक्टर लोक आत्ता शोधून राह्यले. आमच्या गुरूला हजार वर्षांपूर्वी बराबर ठाऊक होतं."

शेडमध्ये जयजयकार झाला. हजार वर्षं जगलेला गुरू कुणालाच खटकला नाही.

खरं तर जंतूंची गोष्ट महाराजांना कडूबानंच सांगितली होती. तीन महिन्यांपूर्वी जालन्याच्या डॉक्टर गंधालींना त्याच्या लिव्हरमध्ये लहानशी गाठ सापडली. त्यांनी समजावलं होतं, की लिव्हर आधीच खराब असेल तर आतड्याचं अस्तर सैल पडतं, तिथल्या जंतूंचं विष रक्तातून लिव्हरला पोचतं, सूज हटत नाही आणि त्यानं कॅन्सरला बळ मिळू शकतं. पण आता उपाय एकच, गाठ काढणं. त्यांनी ऑपरेशनची तारीखही दिली.

कडूबानं त्यातले फक्त जंतू घरी आणले. काशाच्या वाटीनं तळपाय घासले की अंगातली उष्णता काळी होऊन निघते, असं आमच्याकडे घरोघरी मानतात. पायातून उष्णता निघते, मग पोटातून जंतू का नाही? तारीख सोडून हा शहाणा इथं येऊन झोपला. मी कानीकपाळी ओरडलो, पण पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून या पाचव्या बैठकीला मी बाजारातून भोपळा घेऊन गेलो. घरची काशाची वाटीही नेली.

"महाराज, ह्याचेही जंतू काढा."

"गिरिधर सर, मस्करी अंगाशी येईल."

कडूबाची बायको गोजरबाई जवळच बसली होती. तिनं माझ्या हातून वाटी घेतली. महाराजांच्या भांड्यातलं आधीच्या बैठकीचं उरलेलं, लिंबाचा वास येणारं तूप भोपळ्यावर ओतलं आणि घासायला लागली. थोड्या वेळानं तूप काळं झालं. ती नुसती घासत राहिली.

मी महाराजांच्या वाटीवरचं फडकं ओढलं. आत स्टीलची वाटी निघाली.

"काशात तांबं असतं," मी सांगितलं. "तुपात लिंबू पिळून घासलं की धातूचाच काळा मळ सुटतो. दर खेपेला लिंबू कमी केलं, आज वाटीच बदलली. जंतू नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत."

"भोपळ्यालाबी बाधा असती," महाराज म्हणाले. चार जणांनी मानाही डोलावल्या. अशा माना असल्यावर महाराजांना अक्कल लागतेच कशाला?

कडूबा सदऱ्याची बटणं लावत होता.

"मंग माझ्या पोटातलं कुठं गेलं, सर?"

"कुठंच न्हाई गेलं, कडूबा."

मला त्याचा रागही आला आणि रडूही.

सोमवारी आम्ही जालन्याला गेलो. गाठ तिपटीनं वाढून रक्तवाहिनीत शिरली होती. ऑपरेशन आता शक्य नव्हतं.

"म्याडम, मागची तारीख चुकली," गोजरबाई म्हणाली. "दुसरी द्या, पण जल्दीची द्या. आम्ही बिलकुल चुकवणार न्हाई."

डॉक्टर गंधालींनी कागदावर दुखणं कमी करायच्या गोळ्या लिहिल्या. गोजरबाईनं तो कागद मला दिला आणि यात तारीख कुठं लिहिली ते दाखवा म्हणाली.

दोन महिन्यांत कडूबा गेला. वाचकहो, तुमच्या घरात कुणी "आणखी एक बैठक बघू" म्हणत असेल, तर त्याला आजच हाताला धरून दवाखान्यात न्या. तो रुसेल, शिव्या देईल. देऊ द्या. कडूबा रुसेल म्हणून मी तीन महिने नुसतं बोलत राहिलो.