तळघरातली कुलुन

"तळघरात काही नाही. खुशाल विटा लावा," असं काल उरकुयाने स्वतःच गवंड्यांना सांगितलं होतं. त्याआधी झरोक्यापाशी ओणवं होऊन दोन तास ती कुलुनला हाका मारत होती. सगळ्या इमारतीने ऐकल्या. मांजरीने हूं की चूं केलं नाही.

नारीन गावातलं घर विकून बिश्केकला लेकाकडे येताना म्हातारीने बरोबर आणलेला हा एकच जीव. आठव्या दिवशी मांजरीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली उडी टाकली. त्याला आज तीन दिवस झाले.

सकाळी चहाची वाटी पुढे ठेवत सून नुरझात सासूला हळूच म्हणाली, "आपा, ती तळघरातच असेल."

"असती तर माझ्या हाकेला आली नसती?"

नुरझात जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. हरवलेली मांजरं कुठे सापडतात याचा तिथे अभ्यास चालला होता, आणि दारोदार जाऊन विचारून ते लिहून आणायचं काम तिच्याकडे. मांजरं मोजायचा पगार खाते, असं उरकुया तिला येताजाता ऐकवायची.

"घरातली मांजर बाहेर पडली की लांब जात नाही आपा. जवळच्या भोकात शिरते आणि भीतीने मुकी होते. आवाज ओळखीचा असला तरी ओ देत नाही. शोधणाऱ्यापासून दोन हातांवर बसलेल्या सापडल्यात."

"मग काल तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही सांगून मोकळ्या झाला होतात."

बाहेर विटेवर थापी वाजली. थंडीत नळ गोठू नयेत म्हणून झरोके बुजवायचे, दाराला कुलूप लावायचं, ते वसंतातच उघडायचं. उरकुयाने वाटी खाली ठेवली. आपल्याच जिभेने आपण तिला जिवंत चिणायला निघालो होतो.

तळघराच्या दाराशी नुरझातने तिच्या हातात विजेरी दिली, खिशात उकडलेल्या मटणाचा तुकडा सरकवला. "हाक मारायची नाही. जमिनीलगत उजेड फिरवा, डोळे चमकतील. मी गवंड्यांना थांबवते."

अडुसष्टाव्या वर्षी उरकुया ओल्या मातीत पोटावर सरपटली. एक पाइप, दुसरा पाइप, त्यामागे हिरवे दोन ठिपके. कालच्याच झरोक्याच्या बरोबर खाली. तोंड उघडं, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत.

तेवढ्यात झरोक्यात वीट सरकली, उजेड गेला, चुन्याचा गोळा खाली पडला. कुलुन मागच्या भगदाडाकडे सरकली. एकदा त्यात शिरली की गेलीच. गवंड्यांची सात कुळं उद्धरणारे शब्द उरकुयाच्या ओठांवर आले. तिने डोक्याचा रुमाल दातांत धरला.

मग वरून आवाज आला. एवढा मोठा आवाज सुनेला आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

"हात आवरा. आत माझी सासू आहे, तिलाही चिणताय की काय?"

"कालच म्हातारी म्हणाली, काही नाही म्हणून."

"काल ती चुकली."

एरवी असलं वाक्य उरकुयाने कुणाला पचू दिलं नसतं. आत्ता तिने श्वाससुद्धा मोठा घेतला नाही. थापी थांबली होती. विजेरी बाजूला वळवून, तळहातावर तो मटणाचा तुकडा ठेवून तिने हात मातीवर सोडला. हात बधिर झाला. काहीच हललं नाही.

कितीतरी वेळाने बोटाला गार, ओलं नाक लागलं.