सिंदीवरचा उंचवटा

कोकिळा मून हातात घड्याळ घालत नसे. पट्टा बांधला की दोन दिवसांत मनगटावर पुरळ उठायचं, मग तिने तो नादच सोडून दिला. एवढ्याशा पुरळाचं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. पण तिची सात वर्षं जी मातीत गेली, ती इथून. म्हणून आधी सांगून टाकलं.

सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची, दरवर्षी नव्या ऑर्डरवर. राहायची वर्ध्याला, आई कमलाबाईजवळ. सकाळच्या गाडीने यायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरने जायचं. आणि मधल्या वेळात जीव टांगलेला असायचा कॉलेजच्या गच्चीवरच्या अँटेन्यात.

गावात तो अँटेना म्हणजे थट्टेचा विषय. मॅडम वरून सिनेमे पाहतात, असं पोरं म्हणायची. काम मात्र साधं नव्हतं. हजारेक किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह उत्तर-दक्षिण फिरतात आणि वेगवेगळ्या दोन रेडिओ लहरी सोडत राहतात. वाटेत, तीनशे-चारशे किलोमीटरवर, विजेने भारलेला हवेचा थर आहे. त्यातून खाली येताना एक लहर दुसरीपेक्षा जास्त ढळते. किती ढळली ते मोजलं की तिथे थर किती दाट आहे ते कळतं. अशी पाच केंद्रं उत्तर-दक्षिण एका ओळीत होती. एकाच उपग्रहाचं पाच जागांहून ऐकायचं आणि गणित करून त्या थराचा उभा काप काढायचा, दवाखान्यात पोटाचा सीटी स्कॅन काढतात तसा. अट एकच. पाचही जागची घड्याळं जुळली पाहिजेत. उपग्रह सेकंदाला सात किलोमीटर पळतो, तो तुमच्यासाठी थांबत नाही.

सुरुवातीला उपग्रहावरून वेळ घेणारं चांगलं घड्याळ यंत्रासोबत आलं होतं. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जूनमध्ये वीज पडली आणि ते जळालं. नवीन मागायला कोकिळेने अकरा पत्रं पाठवली. उत्तर एकाचंही नाही. मग तिने स्वतःच सोय लावली. प्रयोगशाळेचे परिचर रूपराव लोखंडे रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधी पीप पीप वाजतं, त्यावर भिंतीवरचं घड्याळ लावत. वीज गेली की कॉम्प्युटरची वेळ कोलमडायची. ती आली की कोकिळा भिंतीकडे बघून कॉम्प्युटरला वेळ भरायची. रूपराव म्हणजे खात्रीचा माणूस. सत्तावन्न वर्षांचे, दांडी माहीत नाही, पीप चुकली असं एकदाही झालं नाही.

आणि पहिल्याच वर्षी चित्रात तो दिसला. वर्धा जिल्ह्याच्या बरोबर डोक्यावर, त्या थराला आलेला उंचवटा. इतर चार केंद्रांवर थर सरळ, सिंदीवर आला की फुगलेला. नागपूरचे तिचे गाइड प्रभाकरराव तर हरखूनच गेले. असलं काही कुणी पाहिलेलं नाही, म्हणाले, तुझा सगळा प्रबंध यावर उभा कर. तिने केला. चार वर्षांच्या बाराशे फेऱ्या आणि मधोमध सिंदीवरचा उंचवटा.

दोन हजार तीन उजाडेपर्यंत तिची सगळी मुदत सरत आली होती. विद्यापीठाने शेवटची वाढ दिली ती अठ्ठावीस नोव्हेंबरची, संध्याकाळी पाचपर्यंत. त्यानंतर नोंदणी रद्द. डिसेंबरात पक्क्या जागेची मुलाखत होती. त्यासाठी प्रबंध सादर केल्याची पावती लागणार होती, आणि जानेवारीत तिचं वय अटीच्या पलीकडे जाणार होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. प्रबंधाच्या चार प्रती बांधून आल्या, तेव्हा कमलाबाईंनी त्या बुद्धाच्या फोटोपुढे ठेवल्या आणि शेजारपाजारच्या बायांना बोलावून दाखवल्या. एकीलाही अक्षर कळलं नाही, पण प्रत्येकीने हात लावून पाहिला.

एकोणीस नोव्हेंबरला भोपाळच्या केंद्राचा ई-मेल आला. दिवाळीच्या सुट्टीतल्या मंगळवारी सूर्यावर मोठा भडका उडाला होता. नेमका तेव्हा उपग्रह डोक्यावर होता, आणि पाचही केंद्रांवर रेघ एकदम वर उडाली होती. असा भडका पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूला सगळीकडे एकाच क्षणी पोचतो, आधी भोपाळ मग सिंदी असं त्यात नसतं. चार केंद्रांच्या रेघा एका वेळेला उडाल्या होत्या. सिंदीची त्यानंतर तीन मिनिटांनी. तुमचं घड्याळ एकदा बघून घ्या, एवढंच तिथल्या भल्या माणसाने लिहिलं होतं.

कोकिळा खुर्चीवरून उठली. तिने भिंतीकडे पाहिलं. मग ऑफिसात जाऊन टेलिफोनवर वेळ विचारली आणि परत येऊन पुन्हा भिंतीकडे पाहिलं. बरोबर तीन मिनिटं पुढे.

रूपराव टेबल पुसत होते. तिने आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "रूपरावजी, हे घड्याळ पुढं काऊन आहे?"

रूपराव लाजले. चोरी पकडली गेल्यावर माणूस लाजतो तसे नाही, चांगलं काम उघडं पडल्यावर लाजतो तसे.

"पह्यल्या वर्षी तुमची गाडी चुकलती, मॅडम. पावसात फलाटावर एकल्याच बसल्या होत्या तुमी. मले लय वाईट वाटलं. तवापासून पीपवर लावतो अन् मंग काटा जरासा सरकवतो. कधी दोन मिनिटं, कधी तीन. पान्यापावसाचं चार."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी तेवढं धरूनच चालल्या असत्या. मंग काय उपेग?"

चार वर्षं कोकिळा रोज फलाटावर उभी राहून रेल्वेला नावं ठेवत होती, की मेली पॅसेंजर रोज तीन मिनिटं उशिरा येते. उपग्रहही वर यायला दोन-तीन मिनिटं उशीर करायचा, तेव्हा तिने आड येणाऱ्या उत्तरेकडच्या कडुनिंबांवर खापर फोडलं होतं. गाडी वेळेवर होती. उपग्रह वेळेवर होता. कुणीच उशीर केला नव्हता. तिने रूपरावांना एवढंच सांगितलं की आता घड्याळ अगदी पीपवर ठेवत जा, काटा सरकवू नका. ते हो म्हणाले. पुढचं काही सांगायला तिची जीभ रेटली नाही.

मग ते आठ दिवस. कोणत्या दिवशी दोन मिनिटं, कोणत्या दिवशी चार, याचा हिशेब त्या माणसाजवळ कुठून असणार? उपग्रहाचा मार्ग पुन्हा मांडून एकेका फेरीची खरी वेळ काढता येत होती, पण एका फेरीला तीन तास लागत. बाराशे फेऱ्यांना दोन वर्षं. तिने वेड्यासारखं बसून वीस फेऱ्या दुरुस्त केल्या. विसाच्या वीस सपाट निघाल्या. उंचवटा नव्हताच. सिंदीवरचं आभाळ भोपाळवर होतं तसंच होतं.

तिने प्रभाकररावांना फोन केला आणि रडत रडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आत्ता सादर करून टाक. घड्याळ तपासायला सिंदीला कोण येणार आहे?"

आणि खरं सांगायचं तर कोकिळेने ते मानलं. उगाच तिला देवी करायला नको. आईचं तोंड डोळ्यांपुढे होतं, जानेवारी डोळ्यांपुढे होता. एक खोटा उंचवटा कपाटात पडून राहिला तर कुणाचं काय बिघडतंय, असं तिने स्वतःला चार-चारदा समजावलं.

अठ्ठावीस तारखेला सकाळचे तास घेऊन तिने चारही प्रती कापडी पिशवीत भरल्या. नागपूरला जाणारी गाडी एक वाजता होती. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलेला बघून ती निघाली. रूपराव फाटकापर्यंत आले. पिशवी त्यांनीच तिथवर उचलून आणली, जसा काही त्यांचाच निकाल लागायचा होता.

ती स्टेशनवर पोचली तर फलाट रिकामा. सिग्नल पडलेला नाही. फलाटावर घड्याळ नव्हतं, म्हणून तिने तिकिटाच्या खिडकीवर वेळ विचारली, तर बारा पन्नास. कॉलेजातून यायला तिला सरळ सरळ दहा मिनिटं लागतात. म्हणजे ती निघाली तेव्हा बारा चाळीसच झाले होते. तिच्या लक्षात आलं आणि उभ्या जागी तिला हसू फुटलं, मग हुंदका. आठ दिवस त्यांनी शब्द पाळला होता. आज मात्र त्यांना राहवलं नव्हतं. आज पाच मिनिटं.

गाडीला दहा मिनिटं होती. करायला काही नव्हतं म्हणून तिने वरची प्रत काढली आणि पहिलं पान उघडलं. आभाराचं पान. तिनेच उन्हाळ्यात मोठ्या हौसेने लिहिलेलं. "प्रयोगशाळा परिचर श्री. रूपराव लोखंडे यांनी चार वर्षे रोज घड्याळ अचूक ठेवले. या प्रबंधातील एकेक चित्र त्यांच्या घड्याळावर उभे आहे."

तिने ते दोनदा वाचलं. आज ना उद्या कुणी तरी तिच्या आकड्यांना भोपाळचे आकडे लावणार. उंचवटा पडणार. मग तो माणूस कारण शोधायला पहिलं पान उघडेल आणि तिथे नाव असेल. तिचं नाही, रूपरावांचं. पान फाडावं म्हटलं तर चार प्रती, पक्की बांधणी, अनुक्रमणिकेतही आभार. आणि फाडलं तरी ती काय विसरणार होती?

सिग्नल पडला. गाडी आली, एकच्या ठोक्याला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. दारातल्या बाईने सरकून तिला जागा केली. कोकिळा पिशवी छातीशी धरून फलाटावरच्या बाकावरच बसून राहिली. बोटं इतकी घट्ट आवळली होती की पिशवीचा बंद तळव्यात रुतला. गाडी हलली, शेवटचा डबा गेला, आणि ती मोठ्याने रडली. फलाटावर ऐकायला कुणी नव्हतं.

परत आली तेव्हा रूपराव व्हरांड्यात होते. तिला बघून त्यांचा चेहरा पडला. ते धावत आत गेले, घड्याळाकडे बघितलं आणि बाहेर आले. "चुकली, मॅडम? मी तं आज पाच मिनिटं पुढं केलतं."

"चुकली," कोकिळा म्हणाली.

ते बाकावर बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "माह्यीच चूक झाली," ते म्हणाले. "मोठ्या कामाचा दिवस होता, मी पाचच केले. उद्यापासून पंधरा मिनिटं पुढं ठेवतो. मंग पाहू कशी चुकते."

"ठेवा," ती म्हणाली, आणि पिशवी कपाटात ठेवायला आत गेली.