बुर्योन्काच्या नाकात पाच पूड

बुर्योन्का एवढी मोठी होती, की तिच्या डाव्या पंखावर बर्फ पडत असलं तरी उजव्यावर लख्ख ऊन असायचं. जेवणाच्या सुट्टीत एका टोकाकडून निघालेला सुतार दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सुट्टी संपायची, आणि बिचारा उपाशीच परत फिरायचा. पोटात काचेच्या खिडक्यांची खोली, खोलीत वेताच्या खुर्च्या. सरकारी कागदांवर या विमानाला दोन राजपुत्रांच्या पदव्यांसकट लांबलचक नाव होतं. पण पीटर्सबर्गबाहेरच्या त्या मैदानावर सगळे तिला बुर्योन्काच म्हणायचे. तपकिरी गायीला तिकडे हेच नाव ठेवतात, आणि व्हार्निश लावल्यावर तिला रंगही तसाच आला होता. चाळीस पूड, म्हणजे साडेसहाशे किलो, बॉम्ब घेऊन उडायचं, असं तिच्याकडून अपेक्षित होतं. आतापर्यंत ती रिकामीसुद्धा उडाली नव्हती.

तिच्या पंखांवरचं लिननचं कापड शिवलं होतं ग्लाफिरा निलोव्हनाने. वय सत्तेचाळीस, अंगाने भरदार, जिभेने त्याहून. लग्नाला तीन महिने झालेले. नवरा पोर्फिरी कुझ्मिच, इंजिनांचा मिस्त्री. विधुर, काटकुळा, अबोल. दोन वर्षं तो रोज तिच्याकडे फाटका हातमोजा शिवायला आणायचा. मोजा मुद्दाम फाडलेला असतो हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी दोन वर्षं ती शिवत राहिली.

आता तिला एकच घोर होता. बुर्योन्काची चारही इंजिनं पंखावर; त्यातलं एखादं हवेत रुसलं, तर पंखावरच्या अरुंद फळीवरून चालत जाऊन त्याची समजूत काढायची, आणि हे काम पोर्फिरीचं. याबद्दल ती घरी चकार शब्द बोलली नाही. फक्त फळीच्या दोन्ही बाजूंना, जिथे एक टीप घालायला सांगितली होती, तिथे तिने तीन घातल्या.

फेब्रुवारीत सैन्यातले जनरलसाहेब विमान पाहायला तिसऱ्यांदा आले. "आज उडाली नाही तर सरपण करा हिचं," म्हणाले. मागच्या खेपेला ते थंडीने कुडकुडले होते, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्यासाठी खोलीत मागच्या बाजूला बिडाची मोठी शेगडी बसवली होती. विमान बांधणारा इंजिनिअर एरास्त ल्व्होविच, पंचवीस वर्षांचा पोरगा, स्वतःच उडवणार होता. तीन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं.

पोर्फिरीने शिडीवर पाय ठेवला, तोच बर्फ तुडवत ग्लाफिरा धावत आली. हातात कोबीच्या कचोऱ्यांची टोपली.

"थांबा! बसलात का?"

"ग्लाशा, इंजिनं तापलीत."

"मी इंजिनांचं नाही विचारलं. बसलात का?"

तिकडे प्रवासाला निघताना घटकाभर गप्प बसल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. पोर्फिरी पहाटेच, तसाच निघून आला होता. जनरलसाहेबांचा चेहरा उतरला.

"बाई बरोबर बोलतेय. मी एकदा न बसता मांचुरियाला जपान्यांशी लढायला गेलो होतो. पुढे काय झालं ते साऱ्या जगाने पाहिलं. चला, बसा सगळे!"

सगळे खोलीत शिरले आणि साहजिकच शेगडीभोवती दाटीवाटीने बसले. कुणी बोलेना. आणि त्या शांततेत खोली पाळण्यासारखी हळूच कलली. बुर्योन्काने नाक आभाळाकडे वर केलं, शेपूट धप्पकन बर्फात टेकलं, आणि कचोऱ्या गडगडत जनरलसाहेबांच्या बुटांपाशी गेल्या.

एरास्त पांढराफटक पडला. "शेगडी," तो पुटपुटला. "मागचा भार वाढलाय. असेच उडालो असतो तर शेपटावर पडलो असतो."

पोर्फिरीने बायकोकडे पाहिलं. तिने खुर्चीची कड घट्ट धरली होती.

"मग काढा शेगडी," जनरलसाहेब म्हणाले.

"लाल झालीय, साहेब. शिवाय पक्की ठोकलीय. नाकात पाच पूड वजन ठेवलं तर भागेल. पण वाळूची पोती गोठून जमिनीलाच चिकटलीत." एरास्तची नजर नकळत जनरलसाहेबांच्या पोटावर गेली. साहेबांना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

"शालीसकट मी बरोबर पाच पूड आहे," ग्लाफिरा म्हणाली. "गेल्याच आठवड्यात पिठाच्या काट्यावर चढले होते."

"अजिबात नाही!" पोर्फिरी ओरडला. लग्नानंतर तो पहिल्यांदाच ओरडला होता.

"तुम्ही पंखावर फिरणार आणि मी खाली सूर्यफुलाच्या बिया सोलत बसू? सरका."

जनरलसाहेबांसकट बाकी सगळे खाली उतरले. नाकातली जागा बॉम्ब टाकणाऱ्याची. समोर काच, पायाशी खाली पाहायचं भोक. ग्लाफिरा तिथे टोपली मांडीवर घेऊन बसली.

"मावशी, हलायचं नाही हं," एरास्त म्हणाला. "तुम्ही हललात की आपण तिघंही गेलो."

बुर्योन्का धावली, धापा टाकू लागली, आणि उडाली. खाली कुणाच्या तरी अंगणात दोरीवर कपडे वाळत होते, गोठून फळकुटांसारखे झालेले. एक छोटा सदरासुद्धा. इथूनच टाकायचे ते बॉम्ब, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने भोकावर टोपली ठेवली.

तेवढ्यात उजवीकडचं इंजिन खोकलं.

"पेट्रोलची नळी गोठली," पोर्फिरी मागून म्हणाला. "ग्लाशा, शाल दे."

तिने मागे न वळता शाल फेकली. त्याने ती शेगडीवर कढत केली आणि दार उघडून बाहेर गेला. उठून त्याच्या कोटाला मागून घट्ट धरावं, असं तिच्या अंगातला कण न् कण म्हणत होता. ती बसून राहिली. बाजूच्या काचेतून तिला त्याचे जाड लोकरी नमद्याचे बूट फळीवर एकेक पाऊल टाकताना दिसत होते. शाल नळीभोवती गुंडाळली गेली. इंजिन शिंकलं, गुरगुरलं, चालू झालं. तो वळला, आणि त्याचा पाय घसरून कापडावर पडला.

ताणलेल्या चादरीवर मांजर झोपावं तसं कापड खाली वाकलं. पण उसवलं नाही.

दार लागलं. तिने एवढ्या वेळात पापणीसुद्धा हलवली नव्हती.

"तीन टिपा आहेत तिथे," मागून त्याचा आवाज आला. "सांगितली होती एकच."

"मोजल्यात वाटतं?"

"पाय घसरला तेव्हा वेळ मिळाला."

अकरा मिनिटांनी बुर्योन्का उतरली. कामगार टोप्या उडवत धावले. जनरलसाहेब हुर्रे म्हणत सगळ्यांत पुढे.

"मावशी, या खाली!" कामगार ओरडले.

"आधी त्यांना उतरू द्या."

पोर्फिरी शिडी उतरला, दोन्ही पाय बर्फात रोवून उभा राहिला आणि त्याने हात वर केला. तेव्हा कुठे ग्लाफिरा उठली. तिने शिडीवर पाऊल टाकताच बुर्योन्काचं शेपूट मागे धप्पकन बसलं. तिचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्याने वर केलेला हात तिने धरला होता, आणि अंगठ्यापासून मनगटापर्यंत मोजा उभा चिरलेला होता.

"फाटलाय," पोर्फिरी म्हणाला. "या खेपेला खरंच."

"दाखवा," ग्लाफिरा म्हणाली, आणि गळपट्टीत नेहमी खोचलेली सुई शोधायला हात नेला.